तीन बाटल्या आणि एक गाठोडं

परदेशातून येताना घरी काय न्यायचं, यावरून आम्हा मायलेकींचं व्हेरोनाच्या बाजारात चांगलंच वाजलं. 2024 चा ऑक्टोबर होता. मुलगी संशोधनासाठी इटलीतल्या या गावात राहत होती आणि तिच्या आग्रहाखातर मी महिनाभर तिच्याकडे गेले होते. माझी यादी पर्समध्ये तयार होती. जावेला चॉकलेट, नणंदेला स्कार्फ, शेजारच्या मुलांना फ्रीजवर चिकटवायची चित्रं. मुलीनं यादी वाचली आणि म्हणाली, "आई, यातलं निम्मं चीनमध्ये बनतं आणि उरलेलं मिरजेत मिळतं. तू इथल्या मातीतलं काहीतरी ने. वाईन ने."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कारण तिला माझी दोन्ही घरं चांगली ठाऊक आहेत.

माझं माहेर सावरगाव. मध्य प्रदेशातलं. जाम नदीच्या एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. वर्तमानपत्रात आमचं नाव वर्षातून एकदाच येतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून दोन्ही गावं एकमेकांवर गोटे मारतात. गोटमार म्हणतात ती हीच. एरवी आम्ही संत्र्याच्या बागांची साधी माणसं. घरात मराठी, शाळेत हिंदी. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतो, 2023 पासून पांढुर्णा आणि सौसर मिळून आमचा वेगळा जिल्हा झाला आहे.

आणि सासर जत तालुक्याच्या पूर्व भागातलं, उमदीच्या बाजूचं. तिथं घरात कन्नड आणि शाळेत मराठी. आमचे हे बँकेत होते, बदली होऊन पांढुर्ण्याला आले, आमच्याकडे भाड्यानं राहिले आणि 1989 साली मी एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर आले. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच घरांतून हाच प्रकार असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

सांगायचं ते हे, की यापैकी एकाही घराच्या उंबऱ्यातून बाटली आत येत नाही. सासर लिंगायत. तिथं तो विषयच निघत नाही. आणि माहेरी तो विषय निघत नाही, कारण तिथं तो एकदा पुरेपूर निघून गेलेला आहे. माझे वडील मोहाची दारू पिऊन गेले. 1981 साली. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आईनं त्यानंतर घरात खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा वास घेतल्याशिवाय ठेवली नाही.

तर अशा बाईनं इटलीहून वाईन न्यायची!

मुलगी मात्र हट्टी. दुसऱ्या दिवशी तिनं मला बसमध्ये घालून व्हेरोनाच्या उत्तरेकडच्या डोंगरात नेलं. त्या भागाला वाल्पोलिचेल्ला म्हणतात. डोंगर म्हणजे आपल्याकडच्यासारखे उघडेबोडके नव्हेत. उतारावर द्राक्षं, मध्ये मध्ये चेरीची आणि ऑलिव्हची झाडं, दगडी बांध. तिथल्या एका बाईंच्या घरी आम्ही गेलो. माझ्याच वयाची असेल. हात शेतकरणीचे. तिनं आम्हाला माडीवर नेलं आणि दार उघडलं.

मी दारातच थांबले. मला वाटलं, मी आमच्या बेदाणा शेडमध्ये आले आहे.

लांबच लांब हवेशीर खोली. खालपासून छतापर्यंत फळ्यांचे रॅक. त्यावर काळ्या द्राक्षांचे घड एकाला एक न चिकटता मांडलेले. खिडक्या सगळ्या उघड्या. आणि वास! बेदाण्याला पहिले चार दिवस जो वास असतो, थोडा आंबूस, थोडा गुळासारखा, तोच. मी मुलीला म्हटलं, हिला सांग, आमच्याकडेही असंच करतात. मग आम्हा दोघींचं जे सुरू झालं, त्यात मुलगी दुभाषी होऊन पार दमली.

आमचं तिला सांगितलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तोडायचा, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवायचा, जाळीवर पसरायचा, आणि आपल्या उन्हात पंधरवड्यात बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. ती हसली. तिच्याकडे काही बुडवाबुडवी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडलेले घड थंड हवेत तीन-साडेतीन महिने नुसते ठेवायचे. रोज फिरून एखादा मणी कुजला का बघायचं. वजन तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त उतरतं. म्हणजे पुरता बेदाणा होऊ द्यायचा नाही, अर्ध्या वाटेवर थांबवायचा. आणि मग जानेवारीच्या सुमारास त्याचा रस काढून वाईन करायची. पूर्वी हे घड बांबूच्या ताट्यांवर ठेवत. त्याच ताट्यांवर उन्हाळ्यात रेशमाचे किडे पाळत. एक ताटी, दोन पिकं. शेतकऱ्याची अक्कल सगळीकडे सारखीच.

या वाईनचं नाव रेचोतो. तिथल्या बोलीत 'रेचे' म्हणजे कान. घडाला वरच्या बाजूनं दोन पाखं फुटतात, त्यांना जास्त ऊन मिळून ती जास्त गोड होतात, त्यांना हे लोक घडाचे कान म्हणतात. पूर्वी तेवढेच कान तोडून ही गोड वाईन करत. प्रकार फार जुना आहे. सहाव्या शतकात कासिओदोरस नावाच्या मंत्र्यानं राजाच्या पंगतीसाठी व्हेरोनाची अशी वाळवल्या द्राक्षांची वाईन मागवली होती, त्याचं पत्र आजही उपलब्ध आहे. याच द्राक्षांचा रस सगळी साखर संपेपर्यंत आंबू दिला, की आमारोने होते. ती कडक, कडवट, चौदा टक्क्यांच्या वर. कोणीतरी रेचोतोचं एक पिंप विसरलं आणि त्यातून ती निघाली, असं सांगतात. जगभर नाव आमारोनेचं झालं, पैसाही तिलाच. रेचोतो करणारे आता थोडे राहिले. ही बाई त्यांतली.

तिच्या बाटलीवर तिचं नाव होतं. खाली गावाचं, आणि बागेच्या तुकड्याचं. आपल्या सातबाऱ्यावर असतं तसं.

आता वाईनची थोडी माहिती देते, कारण मुलं परदेशात असलेल्या घरांतून हा प्रश्न हल्ली पडतोच. इटलीचे वीस प्रांत. प्रत्येकाची द्राक्षं वेगळी, आणि त्यांना आपल्या गावाच्या नावाचा अभिमान असा, की 1963 पासून त्यासाठी कायदाच आहे. कुठल्या गावाच्या हद्दीतल्या द्राक्षांना कुठलं नाव लावायचं, हे सगळं ठरलेलं. वरच्या दर्जाच्या बाटलीच्या गळ्याशी सरकारी छापाची कागदी पट्टी असते. ती बघून घ्यावी. मुंबई-पुण्याच्या दुकानात मिळते ती कियांती किंवा प्रोसेक्को तिथून वाहून आणण्यात अर्थ नाही. ज्या गावात उतराल, त्या गावची मागा. तोरीनोच्या बाजूला गेलात तर आस्तीची मोस्कातो. ती गोड, किंचित फसफसणारी, आणि मद्यार्क जेमतेम पाच-साडेपाच टक्के. ज्यांनी कधी घेतली नाही त्यांना हीच झेपते. पण ती ठेवून ठेवायची नाही, वर्षाच्या आत संपवायची. बोलोन्याकडे लाम्ब्रुस्को, लाल आणि फेसाळ. आपल्याकडे कोणाला दाखवली तर सरबत समजतील. तोस्कानात व्हिन सान्तो. द्राक्षं माळ्यावर टांगून वाळवतात, वाईन लहान पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात आणि बदामाची कडक बिस्किटं त्यात बुडवून खातात. आपण चहात खारी बुडवतो त्याच तन्मयतेनं. सिसिलीची मार्साला तर एका इंग्रज व्यापाऱ्यानं 1773 साली बोटीवर टिकावी म्हणून दारू मिसळून पाठवली, तिथून नावाला आली.

मला सर्वांत गंमत वाटली ती सहकारी वाईन कारखान्याची. आपले साखर कारखाने तसे त्यांचे वाईनचे. सभासद ट्रॅक्टर भरून द्राक्षं घालतात. आणि दाराशी पंप! लोक पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन येतात, पेट्रोल भरावं तशी रोजच्या जेवणाची वाईन भरून नेतात. एक म्हातारे आजोबा सायकलला कॅन अडकवून आले होते. कोणी लपवत नव्हतं, कोणी झिंगलेलं नव्हतं. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होते. मुलीला वाटलं, मला मजा वाटते आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या सावरगावचा संध्याकाळचा रस्ता होता आणि त्यावरून भिंतीला धरून धरून येणारे बाबा.

दोन लिटर. आपल्याकडे माणशी तेवढीच वाईन किंवा दारू जकात न भरता आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि अर्ध्या लिटरची एक, बरोबर दोन लिटर. हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकावी लागते. मी दोन इरकली बरोबर नेल्या होत्या, त्यांच्यात एकेक बाटली गुंडाळली. अर्ध्या लिटरची होती ती त्या बाईची रेचोतो. तिला माझ्या परकराचं कापड.

जतला आले ती दिवाळीच्या तोंडावर. बॅग उघडताना अत्ती शेजारीच बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, पण नजर शाबूत.

"एन तंदी?" काय आणलंस?

मी खरं सांगून टाकलं. द्राक्षांचं आहे, तिथल्या देवळातसुद्धा लागतं, असंही जोडलं. अत्तींनी बाटली हातात घेतली नाही.

"नम्म मन्याग ब्याडवा," म्हणाल्या. आपल्या घरात नको, बाई. रागानं नव्हे. आषाढात वांगं नको म्हणावं तशा.

मग त्या दोन बाटल्या मळ्यातल्या बेदाणा शेडच्या खोलीत गेल्या. ह्यांनी बँकेत जन्म काढलेला, त्यामुळे आधी रीतसर परवाना काढला, मगच बूच निघालं. आमचे चुलत दीर आले होते. त्यांचं या विषयात एक जुनं दुखणं आहे. महाराष्ट्र सरकारनं 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि इकडे पलूसला वाईन पार्क काढलं, तेव्हा आपल्या भागात काय वारं होतं ते अनेकांना आठवत असेल. पुढे 2007 मध्ये कर्नाटकनंही धोरण केलं, तिकोट्याकडचे पाहुणेही बोलू लागले. आमच्या दिरांनी एका कंपनीशी करार करून दोन एकर वाईनची द्राक्षं लावली. 2009 साली माल तयार झाला आणि न्यायला गाडीच आली नाही. मंदी आहे म्हणाले. ती द्राक्षं बारीक, बियांची. बाजारात कोणी घेईना, बेदाण्यालाही चालेना. शेवटी कुऱ्हाड लावली. म्हणून दीर वाईनचं नाव काढलं की उठून जात.

त्या दिवशी उठले नाहीत. मी त्या डोंगरातल्या बाईची हकिकत सांगितली तशी म्हणाले, "किती एकर हाय तिची?"

"पंधराएक."

"माल कुणाला घालती?"

"कोणालाच नाही. स्वतःच करते, स्वतःच भरते."

त्यांनी घोटभर घेतली, तोंड वाकडं केलं आणि रिकामी बाटली धुऊन घरी घेऊन गेले. कशाला, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

खरं तर इटली आपल्याला इतकी लांब नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात अकलूजला 2007 पासून तोस्कानाचं सांजोवेझे द्राक्ष उभं आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरांतल्या सात भावांनी मिळून ती कंपनी काढली, म्हणून नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. वाईन करायला पिएरो मासी हे तोस्कानातले जाणकार आले. त्यांच्या एका वाईनचं नाव सेत्ते, म्हणजे सात. आपण अकलूजला घोडेबाजार बघायला जातो आणि परत येतो. 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वाईन म्हणजे दारू की नाही, यावर आमच्या भजनी मंडळातही दोन तट पडले. मी गप्प होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पक्कं नाही.

तिसरी बाटली तशीच राहिली. ती मी 2025 च्या मार्चमध्ये सावरगावला नेली. नव्या बेदाण्याचे दोन किलो आणि ती, शिवाय तिचं बिल. कशाला नेली, हे मी स्वतःलाही नीट सांगू शकले नसते. आईला वाईन पाजायला तर नक्कीच नव्हे. कदाचित तिला दाखवायचं असेल, की बाटली म्हणजे दरवेळी तेच नसतं. चाळीस वर्षांनी एखाद्या गोष्टीचं तोंड बदलता येतं का, ते मला बघायचं असेल.

मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे मोहफुलांचे दिवस. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बायापोरं टोपल्या घेऊन वेचतात. आईचं वय एक्क्याऐंशी. ती आता वेचायला जात नाही, पण भाच्याच्या शेतावरून तिच्यासाठी टोपलीभर येतातच. मी पोचले तेव्हा अंगणात जुन्या लुगड्यावर तिनं फुलं वाळत घातली होती. ताजी होती ती पिवळसर पांढरी, आणि चार दिवसांची, ती चक्क बेदाण्यासारखी. तपकिरी, सुरकुतलेली, बोटाला चिकटणारी. लहानपणी मी ती रोज बघत होते, पण तेव्हा मला बेदाणा माहीत नव्हता.

आई त्याच्या दशम्या करते. फुलं पाण्यात उकडून, वाटून, त्या रसात कणीक भिजवायची. गूळ लागत नाही. दारूमुळे लोक हे विसरतात, की मोह आधी जेवणातला. दुष्काळात त्यानं माणसं जगवली. इंग्रजांना मात्र त्यात फक्त दारू दिसली. मुंबई इलाख्यात 1892 साली खास मोहाचा कायदा करून ठाणे, कुलाबा भागात फुलं गोळा करण्यावरच बंधनं घातली होती.

संध्याकाळी मी बाटली काढली. आईपुढे ठेवली. कंदिलाच्या काळातली तिची सवय, तिनं ती उजेडासमोर धरली.

"दारू होय ना व ही?"

"हो. द्राक्षांची. पण तिथं बायका करतात, सगळ्यांसमोर. जेवणानंतर एवढीशी घेतात."

"नाव बदललं म्हनून दारू थोडीच बदलते?"

मी काही बोलले नाही. भाचा तिथंच होता. त्यानं मग सांगायला सुरुवात केली, की आजी, आता आपल्या राज्यातही सरकारनं मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता दिली आहे, अलिराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यातल्या आदिवासी बचत गटांच्या बाया ती काढतात, बाटलीत भरून दुकानात विकतात. आई ऐकत होती. तिनं विचारलं, "सरकारच काढाले लावते?" तो हो म्हणाला. "अन् बायाच काढते?" तो पुन्हा हो म्हणाला.

बराच वेळ ती फुलं हलवत बसली. मग भाचा उठून गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तुह्या बापाले मीच काढून देत होती."

मला आधी कळलंच नाही.

"भट्टीवर काय काय घालते, कोनाले माहीत. नवसागर घालते म्हने. त्या साली दोन मानसं आंधळी झाली होती. मी म्हनलं, पेनारा मानूस पेनारच. मंग घरचीच पे. तुम्ही निजल्यावर रात्री काढत होती. आठ वर्सं."

बाबा गेल्यानंतर चौदाव्या दिवशी आईनं घरातला तांब्याचा मोठा गुंड भांड्याच्या दुकानात नेऊन विकला, हे मला आठवत होतं. मी तिच्या मागे गेले होते. दुकानदारानं वजन केलं, पैसे दिले, आणि आईनं ते मोजलेसुद्धा नाहीत. सगळी वर्षं मी समजत होते, की आम्हाला पैशाची गरज होती म्हणून तिनं तो विकला. शाळेत मी त्यावर निबंध लिहिला होता, आईनं आमच्यासाठी भांडी विकली असा. बक्षीस मिळालं होतं.

"लोक म्हनते, बापानं दारूत घर घातलं," आई म्हणाली. "कोनं घातलं, ते मले माहीत."

मी काहीतरी बोलले असेन. तुझा दोष नव्हता, तू त्यांना वाचवायलाच केलंस, असलं. अशा वेळी आपण बोलतो ते. तिनं हात हलवून मला थांबवलं आणि बाटली पुन्हा हातात घेतली.

"उघड."

मी उघडली. वाटीत दोन चमचे ओतली. आईनं वाटी नाकाजवळ नेली, आणि औषधाचा घेते तसा वास घेतला. एकदा, मग पुन्हा.

"मोहाचाच वास हाय व," म्हणाली. "पयल्या दिवसाच्या पान्याचा. आंबाच्या आधीचा."

चाखली नाही. वाटी खाली ठेवली आणि लेबलावर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं आहे. मी सांगितलं, ही वाईन करणाऱ्या बाईचं नाव. खाली तिच्या गावाचं.

"सोताचं नाव घातलं तिनं?"

"हो."

"दारूवर."

"हो."

आई हसली की काय केलं, मला अंधारात नीट दिसलं नाही. "बाईची हिंमत हाय," एवढंच म्हणाली. मग दव पडेल म्हणून आम्ही दोघींनी लुगड्याची चार टोकं धरून फुलं ओसरीत घेतली.

हे लिहू का, म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिला विचारलं. आमच्या तिकडच्या साप्ताहिकात, नाव न घालता. ती म्हणाली, लिही, मी आता कोनाले भेते. त्या वाटीतली वाईन तिनं सकाळी तुळशीत नाही, आवारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतली. उरलेली बाटली मी भाच्याला दिली.

निघताना आईनं एक गाठोडं दिलं. "तुह्या सासूले." नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं मिरजेला उतरून घरी पोचेपर्यंत माझ्या सगळ्या कपड्यांना तो गोडसर वास लागला होता. अत्तींनी गाठोडं सोडलं, मूठभर तळहातावर घेतली आणि उजेडात निरखून पाहिली.

"ओण द्राक्षी?" बेदाणा?

मी म्हटलं, नाही, आमच्याकडचं फूल आहे. आईनं वाळवलंय. त्यांनी एक तोंडात टाकलं, दात नसलेल्या हिरड्यांनी सावकाश चघळलं.

"सिही ऐति," म्हणाल्या. गोड आहे. आणि दुसरं उचललं.